ऐकून घेणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात आणि रोजच्या बोलण्यात इतरांचे नीट ऐकावे कसे, याविषयी पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. सर्व प्रश्न सारख्या वजनाचे नाहीत, त्यामुळे उत्तरेही लहानमोठी आहेत.

प्र. ऐकू येणे आणि ऐकणे यांत नेमका फरक काय?

ऐकू येणे हे कानाचे काम आहे आणि ते झोपेतही थोडेफार चालू असते. ऐकण्यासाठी मात्र लक्ष द्यावे लागते, अर्थ लावावा लागतो आणि लावलेला अर्थ बरोबर आहे की नाही याची खातरजमा करावी लागते. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मराठीत या क्रियापदाला आणखी एक पदर आहे आणि घरातल्या बऱ्याच गैरसमजांचे मूळ मला तेथे दिसते. ‘मुलगा ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा आपला रोख त्याच्या कानांकडे किंवा लक्षाकडे नसतो. तो सांगितल्याप्रमाणे वागत नाही, असे आपल्याला म्हणायचे असते. ‘माझं कोणी ऐकतच नाही’ या तक्रारीतही पुष्कळदा ‘माझ्या मनासारखं होत नाही’ हेच दडलेले असते. ‘मला त्यांचं ऐकून घ्यावं लागलं’ याचा अर्थ तर चक्क बोलणी खावी लागली असा होतो. थोडक्यात, ऐकणारा म्हणजे एकतर आज्ञा पाळणारा, नाहीतर बोलणी खाणारा. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला दुसऱ्याचे शांतपणे ऐकणे ही माघार वाटली तर नवल नाही.

म्हणून येथे ‘ऐकून घेणे’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत: समोरच्याला काय म्हणायचे आहे ते त्याच्या बाजूने पुरते कळेपर्यंत आपला निकाल राखून ठेवणे. ते पटले की नाही, पटले तर कितपत आणि त्यावर काय करायचे, हे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

प्र. शांतपणे ऐकून घेतले, तर आपल्याला सगळे मान्य आहे असे समोरच्याला वाटणार नाही का?

वाटू शकते, आणि म्हणूनच ते तोंडाने सांगून टाकावे. ‘तुझं म्हणणं मला कळतंय. पटलंय असं अजून म्हणत नाही, पण आधी तुझं पूर्ण होऊ दे,’ एवढे वाक्य पुरते. माझा अनुभव असा आहे की पूर्ण ऐकून दिलेला नकार लोक नाराजीने का होईना पचवतात. अर्ध्यावर तोडून दिलेला नकार मात्र वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात.

प्र. समोरची व्यक्ती बोलत असतानाच माझ्या मनात उत्तर तयार होऊ लागते. हा माझा दोष आहे का?

हा दोष तुमच्या एकट्याचा नाही. संभाषणाची घडणच तशी आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधली संभाषणे तपासण्यात आली. हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नाचे बोलणे संपून उत्तराचे बोलणे सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे एक पंचमांश सेकंद जातो, असे त्यात आढळले. आता साधे एखादे चित्र पाहून त्याचे नाव उच्चारायलासुद्धा माणसाला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की उघडच दिसते की समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच आपण आपल्या वाक्याची जुळवाजुळव सुरू केलेली असते. तसे केले नाही तर प्रत्येक संभाषणात लांबच लांब खंड पडतील.

दुसरे कारण वेगाचे आहे. इंग्रजीत सर्वसाधारण बोलण्याचा वेग मिनिटाला सव्वाशे ते दीडशे शब्द धरला जातो, आणि मन त्याच्या कितीतरी पुढे धावते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ऐकण्याच्या क्षमतेवर दीर्घकाळ काम केलेल्या राल्फ निकोल्स यांनी १९५० च्या दशकातच हे मांडले होते की चांगला आणि वाईट श्रोता यांतला फरक या शिल्लक वेळाचा उपयोग कसा केला जातो, यात आहे. वाईट श्रोता त्या वेळात भटकून येतो. चांगला श्रोता त्याच वेळात बोलणाऱ्याच्या भोवती फिरतो: हा हे आजच का सांगतो आहे, कोणत्या शब्दावर त्याचा आवाज बदलला, आणि कोणती गोष्ट तो टाळून पुढे गेला?

तेव्हा उत्तर सुचणे थांबवण्याचा खटाटोप करू नये. सुचलेले उत्तर धरून बसायचे नाही, एवढेच पाहावे. समोरच्याचे वाक्य संपल्यावर एक श्वास जाऊ द्यावा. त्या एका श्वासात दोन गोष्टी घडतात: वाक्य खरोखरच संपले होते की तो केवळ शब्द शोधत होता हे कळते, आणि आपले तयार उत्तर अजूनही लागू पडते का तेही कळते. बऱ्याचदा ते लागू पडत नाही, हे लक्षात येणे थोडे खट्टू करणारे असते.

प्र. ‘सक्रिय श्रवण’ म्हणजे काय? मान डोलावणे, समोरच्याचेच वाक्य परत म्हणणे हे फार कृत्रिम वाटते.

ही संज्ञा १९५७ साली कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी रूढ केली. रॉजर्स यांची समुपदेशनाची भूमिका अशी होती की माणसाला सल्ला देण्यापेक्षा त्याचे म्हणणे त्याच्या दृष्टिकोनातून समजून घेतले आणि आपल्याला काय समजले ते त्याला सांगितले, तर तो स्वतःच्या अडचणीकडे अधिक स्पष्टपणे पाहू शकतो. पुढे प्रशिक्षणवर्गांमध्ये या विचाराची तंत्रे झाली आणि तंत्रांचा साचा झाला. ‘म्हणजे तुला असं म्हणायचंय की तू दमली आहेस,’ असे घरात कोणी पढवल्यासारखे म्हणू लागले की पुढच्याला चीड येते, आणि ती रास्त असते.

या तंत्राविषयी एक सावध करणारा पुरावाही आहे. जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३० नवविवाहित जोडप्यांचा काही वर्षे मागोवा घेऊन १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भांडण चालू असताना एकमेकांची वाक्ये समजुतीने परत म्हणून दाखवणे सुखी जोडप्यांमध्येही क्वचितच आढळले, आणि लग्न टिकेल की नाही याचा अंदाज त्यावरून बांधता आला नाही. सुरुवात सौम्य शब्दांत करणे आणि जोडीदाराचे म्हणणे थोडे तरी स्वीकारणे, या गोष्टींना अधिक महत्त्व असल्याचे दिसले.

मग वाक्य परत म्हणणे निरुपयोगी आहे का? मला तसे वाटत नाही. दोन ठिकाणी ते हमखास उपयोगी पडते. एक, व्यवहाराची बाब असेल तेव्हा: ‘म्हणजे गुरुवारी सकाळी, आणि कागद मी आणायचे, बरोबर ना?’ आणि दुसरे, आपल्याला खरोखर शंका असेल तेव्हा. शंका खरी असली की वाक्य कृत्रिम वाटत नाही. एरवी ‘हं’, ‘बरं’, ‘मग?’, ‘मग काय झालं?’ हे आपल्या बोलण्यातले छोटे हुंकार पुष्कळ काम करतात. ‘मग?’ या शब्दाला तर तोड नाही; तो बोलणाऱ्याला पुढे ढकलतो आणि स्वतः जागा अडवत नाही.

प्र. बाहेरच्या लोकांचे मी नीट ऐकतो, पण घरच्यांचे ऐकणे जमत नाही. असे का होते?

कारण घरच्यांचे आपल्याला आधीच कळलेले असते, अशी आपली समजूत असते. केनेथ सावित्स्की आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विवाहित जोडप्यांना एकमेकांकडे पाठ करून बसवले आणि दोन अर्थ निघू शकतील अशी रोजच्या वापरातली वाक्ये बोलायला लावली. त्यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे ओळखण्यात नवरा-बायको अनोळखी माणसांपेक्षा सरस ठरले नाहीत. आपण मात्र जोडीदाराला आपले म्हणणे अधिक चांगले कळवतो, असा त्यांचा ठाम विश्वास होता.

‘आज उशीर झाला ना?’ हे वाक्य घ्या. दारात उभे राहून कोणी हे म्हटले तर ती काळजी असू शकते, तक्रार असू शकते, किंवा दमला असशील म्हणून दाखवलेली कणवही असू शकते. परक्याने म्हटले तर आपण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून अर्थ शोधतो. घरच्याने म्हटले तर गेल्या दहा वर्षांतल्या अशाच वाक्यांचा गठ्ठा डोक्यात उघडतो आणि आपण त्या गठ्ठ्याला उत्तर देतो: ‘आलो की लगेच सुरू झालं तुझं!’ यावर उपाय कंटाळवाणा वाटेल इतका साधा आहे. अर्थ ठरवण्याआधी विचारावे: ‘काळजी वाटत होती का?’ अंदाज चुकला तरी प्रश्न वाया जात नाही, कारण विचारणाऱ्याने गठ्ठा उघडलेला नसतो.

प्र. कोणी अडचण सांगितली की मी लगेच उपाय सुचवतो. यात चूक काय?

हेतूत काहीच चूक नाही. अडचण वेळेची आहे. माझ्याच घरातला प्रसंग सांगतो. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. संध्याकाळी ती घरी आली, दाराशी वाकून बूट काढू लागली आणि एका बुटाची नाडी हातात असतानाच म्हणाली, ‘मी आता त्या ग्रुपमध्ये नाहीये.’ मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणालो, ‘मग दुसऱ्या मैत्रिणी कर. वर्गात एवढ्या मुली आहेत.’ ती ‘हो’ म्हणाली, दुसरा बूट काढला आणि आत गेली. माझ्या लेखी प्रश्न सुटला होता. जवळजवळ दोन आठवड्यांनी तिच्या आईकडून मला कळले की त्या मुलींनी तिची सतत टिंगल चालवली होती आणि ती मधल्या सुट्टीत एकटी ग्रंथालयात जाऊन बसत होती. माझा उपाय काही वाईट नव्हता. पुढे तिने तसेच केले. पण मी तो पहिल्या वाक्यावर दिला, आणि तिची दुसरी, तिसरी आणि चौथी वाक्ये तिच्याकडेच राहिली.

लोक बहुधा मूळ गोष्ट पहिल्या वाक्यात सांगत नाहीत. पहिले वाक्य हे पाण्यात पाय घालून पाहणे असते. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करताना या ‘दुरुस्त करण्याच्या ऊर्मी’कडे लक्ष वेधले आहे: समोरच्याने बदलावे म्हणून आपण जितकी कारणे पुढे करतो, तितकी तो न बदलण्याची कारणे बोलून दाखवू लागतो आणि बोलता बोलता तीच त्याला अधिक पटत जातात. घरातही हेच घडते. ‘नोकरी सोडावीशी वाटतेय’ असे म्हणणाऱ्याला ‘वेडा आहेस का?’ म्हटले की तो राजीनाम्याची बाजू मांडू लागतो, ‘काय झालं?’ विचारले की कित्येकदा तो स्वतःच दुसरी बाजूही मांडतो.

गोंधळ असेल तर सरळ विचारावे: ‘तुला नुसतं सांगायचंय, की आपण काही मार्ग काढायचा?’ अर्थात हेही ताणू नये. कोणी अर्ज कसा भरायचा एवढेच विचारत असेल, तर त्याच्या भावना समजून घेत बसणे हा छळ आहे. त्याला अर्ज भरून द्यावा.

प्र. एकदा बोलू दिले की काही माणसे थांबतच नाहीत. त्यांचे काय करावे?

अशी माणसे आहेत, पण आपल्याला वाटतात तितकी नाहीत. याविषयीची मोजमापे दवाखान्यांतली आहेत. १९८४ मध्ये अमेरिकेत ७४ वैद्यकीय भेटींच्या ध्वनिमुद्रणांवरून असे दिसले की रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलत होते. मध्ये बोलले नाही तर रुग्ण बोलतच राहील, ही भीती त्यामागे असावी. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधील अभ्यासात डॉक्टरांना उलट सांगितले गेले: रुग्ण आपणहून थांबेपर्यंत थांबा. ३३५ रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले आणि त्यांपैकी ७८ टक्क्यांचे बोलणे दोन मिनिटांच्या आत संपले. घरातले बोलणे दवाखान्यापेक्षा लांबते हे खरे, तरी दोन मिनिटे न अडवता देणे हा आरंभ म्हणून वाईट नाही.

ज्यांचे खरोखरच संपत नाही, त्यांच्याबाबत माझे निरीक्षण असे की ते तोच मुद्दा फिरवून सांगतात, कारण तो पोचल्याची पावती त्यांना मिळालेली नसते. ‘म्हणजे त्यांनी तुला न विचारता ठरवलं, हे तुला लागलं,’ अशी नेमकी पावती दिली की गाडी पुढे सरकते. त्यानेही सरकली नाही तर वेळेची मर्यादा आधीच सांगावी. शेवटी घड्याळाकडे पाहण्यापेक्षा ‘माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत, पण ती सगळी तुझी’ हे अधिक प्रामाणिक आहे.

प्र. मध्ये बोलणे नेहमीच चुकीचे असते का?

नाही. भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी दाखवून दिले आहे की काही लोकांच्या बोलण्याच्या पद्धतीत एकमेकांच्या बोलण्यावर बोलणे हे उत्साहाचे आणि सोबतीचे लक्षण असते. भरल्या घरात वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. कसोटी एवढीच: तुमच्या मध्ये बोलण्यानंतर मूळ बोलणारा तीच गोष्ट अधिक जोमाने पुढे नेतो, की विषय तुमचा होऊन बसतो? ‘हो हो, माझंही तसंच झालं होतं’ हे वाक्य दोन्हीकडे जाऊ शकते. त्यानंतर तुम्ही थांबता की नाही, यावर ते अवलंबून आहे.

प्र. मुले काहीच सांगत नाहीत. ‘आज काय झालं?’ विचारले की ‘काही नाही’ हेच उत्तर येते.

आपण विचारतो तो प्रश्न फार मोठा असतो आणि उत्तरासाठी दिलेला वेळ फार लहान. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या संभाषणांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात असे आढळले. हा वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली, उत्तरच न येण्याचे प्रसंग कमी झाले आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. त्यांच्या निरीक्षणातला कमी उद्धृत होणारा भाग पालकांसाठी अधिक मोलाचा आहे: मुलाने उत्तर दिल्यानंतरही थांबायचे असते. मूल एक वाक्य बोलते, थांबते आणि मग खरे काय ते सांगते. आपण त्या थांब्यातच ‘छान!’ किंवा ‘मग तू बाईंना का नाही सांगितलंस?’ म्हणून मोकळे होतो.

‘का’ने सुरू होणाऱ्या प्रश्नांविषयीही सांभाळून असावे. ‘असं का केलंस?’ या प्रश्नात निकाल आधीच लागलेला असतो. मूल कारण सांगत नाही, बचाव सांगते. ‘मग काय झालं?’, ‘तेव्हा कोण कोण होतं?’ असे प्रसंगाला धरून विचारलेले प्रश्न सोपे जातात. किशोरवयीन मुलांना समोरासमोर बसवून बोलते करणे तर कठीणच असते. कपड्यांच्या घड्या घालताना, सोबत चालताना, गाडीत शेजारी बसलेले असताना, म्हणजे नजर दुसरीकडे असताना ती बोलतात. वेळही ती निवडतात, आणि ती बहुधा आपल्याला झोप आलेली असतानाची असते.

एक गंभीर बाब येथेच सांगायला हवी. मूल कोणी त्रास दिल्याचे, मारहाणीचे किंवा नको असलेल्या स्पर्शाचे सांगू लागले, तर चेहऱ्यावर धक्का न दाखवता त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्यावे, खोदून तपशील विचारू नयेत, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ असे स्पष्ट म्हणावे आणि ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. ते वचन पाळता येणार नसते, कारण मुलाला सुरक्षित करण्यासाठी योग्य व्यक्तींना सांगावेच लागते.

प्र. वृद्ध आई-वडील त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात, आणि आपण बोललेले मात्र त्यांना कळत नाही. काय करावे?

येथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे आवडीची जुनी गोष्ट. ती शंभराव्यांदा ऐकताना ‘हे सांगून झालंय’ म्हणण्याऐवजी तिच्या कडेची माहिती विचारावी: त्या खोलीत आणखी कोण होते, घरी परत कसे आलात, आजी त्यावर काय म्हणाली? सांगणाऱ्याला नवा रस्ता सापडतो आणि ऐकणाऱ्याला नवी गोष्ट मिळते.

दुसरी गोष्ट कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना काही ना काही प्रमाणात कमी ऐकू येते, आणि साठीपुढच्या लोकांपैकी २५ टक्क्यांहून अधिकांच्या श्रवणदोषाचा त्यांच्या दैनंदिन जीवनावर परिणाम होतो. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात. स्वर खालच्या पट्टीत असल्याने ऐकू येतात. स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. त्यामुळे ‘साठ’चे ‘आठ’ होते, आणि ‘आवाज येतो पण शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते. घरचे म्हणतात, ‘यांना हवं तेवढंच ऐकू येतं.’ हा आरोप बहुधा अन्यायाचा असतो: शांत खोलीत एकाशी बोलताना निभावून जाते, टीव्ही चालू असताना चौघांत निभावत नाही. ओरडून उपयोग होत नाही, कारण ओरडण्याने स्वर मोठे होतात आणि व्यंजने तशीच राहतात; शिवाय अशा कानांना मोठा आवाज बोचतो. टीव्ही बंद करावा, उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे समोर बसावे, किंचित सावकाश बोलावे आणि वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगावे. आणि श्रवणचाचणी करून घ्यावी. चष्म्याला जितक्या सहज होकार मिळतो तितक्या सहज श्रवणयंत्राला मिळत नाही, त्यामुळे हा विषय एकदा काढून सोडून देऊ नये.

तिसरी गोष्ट स्मृतीची आहे. एकाच बैठकीत, काही मिनिटांच्या अंतराने तोच प्रश्न पुन्हा येऊ लागला आणि आधी विचारल्याचे आठवत नसेल, तर ती सवय समजून सोडू नये, डॉक्टरांना दाखवावे.

प्र. मोबाइल हातात असला तरी मला सगळे ऐकू येते. मग घरच्यांची तक्रार का?

तुम्हाला कदाचित सगळे ऐकू येत असेल. पण तुमच्या नसलेल्या लक्षाचा परिणाम बोलणाऱ्यावर होतो. कॅनडातील जॅनेट बाव्हेलस आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना आपल्यावर गुदरलेला एखादा थोडक्यात निभावलेला प्रसंग सांगायला लावला. काही श्रोत्यांना गुपचूप वेगळेच काम दिले होते: बोलण्यात ‘टी’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचे. हे श्रोते शब्द अगदी बारकाईने ऐकत होते, पण गोष्ट ऐकत नव्हते. परिणाम असा झाला की सांगणाऱ्यांनीच गोष्ट वाईट सांगितली. ऐन उत्कंठेच्या जागी ते अडखळले आणि शेवट गुंडाळू लागले किंवा उगाच स्पष्टीकरणे देत बसले. घरात ‘हिला नीट सांगताच येत नाही’ असे वाटत असेल, तर आधी आपल्या हातात काय आहे ते पाहावे.

काम खरेच महत्त्वाचे असेल तर ‘पाच मिनिटं दे’ म्हणण्यात काही गैर नाही. मात्र पाच मिनिटांनी आपण होऊन जावे. समोरच्याला पुन्हा आठवण करावी लागली की ती पाच मिनिटे फुकट गेली.

प्र. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो, हे खरे आहे का?

नाही. शब्द ७, आवाजाचा स्वर ३८ आणि चेहरा ५५ टक्के, हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले आहेत. एकेक सुटा शब्द, त्याचा स्वर आणि चेहऱ्याचे छायाचित्र एकमेकांशी विसंगत असतील तेव्हा बोलणाऱ्याची आवड-नावड लोक कशावरून ठरवतात, एवढाच तेथे प्रश्न होता. सर्व संवादाला ते प्रमाण लागू नाही, हे त्यांनी स्वतःही स्पष्ट केले आहे. ‘मी ठीक आहे’ हे शब्द आणि पडलेला चेहरा जुळत नसेल तर चेहऱ्यावर विश्वास ठेवावा. पण म्हणून शब्दांकडे दुर्लक्ष करू नये.

प्र. भांडण चालू असताना ऐकून घेणे कसे जमवावे?

प्रामाणिक उत्तर असे की एका मर्यादेपलीकडे ते जमत नाही. छाती धडधडू लागली, कान तापले की ऐकलेल्याचा अर्थ लावण्याची क्षमता घटते. अशा वेळी निदान २० मिनिटे थांबावे, असे गॉटमन सुचवतात, कारण शरीर शांत व्हायला तेवढा वेळ लागतो. थांबताना परत येण्याची वेळ सांगून जावे; न सांगता उठून जाणे हा भांडणाचाच पुढचा भाग होतो. आणि त्या वेळात पुढची वाक्ये घोटत बसू नये, नाहीतर परतताना आपण अधिक तयारीने येतो, शांत होऊन नव्हे.

प्र. घरात सगळे मलाच सांगतात, माझे मात्र कोणी ऐकत नाही.

चांगला श्रोता म्हणून नाव झालेल्याच्या वाट्याला हे येते, आणि ते बहुधा घरातल्या एखाद्या बाईच्या वाट्याला अधिक येते. ऐकणे हे श्रमाचे काम आहे, त्यामुळे त्याला नकार देण्याचाही अधिकार आहे: ‘आत्ता माझ्यात त्राण नाही, रात्री बोलू.’ आपले बोलणे सुरू करतानाही सूचनेची वाट पाहू नये. ‘मला दहा मिनिटं कोणीतरी नुसतं ऐकून घ्यायला हवंय, सल्ला नको,’ असे मागितल्यावर बहुतेक लोक प्रयत्न करतात. त्यांना आजवर कोणी तसे मागितलेलेच नसते. आणि अपमान, शिवीगाळ, धमक्या यांना ऐकून घेण्याचा नियम लागू नाही. तेथून उठून जावे.

प्र. आपल्यात सुधारणा होते आहे, हे कसे ओळखावे?

स्वतःला दिलेल्या गुणांवरून ते कळत नाही, कारण आपण चांगले ऐकतो असे जवळजवळ प्रत्येकालाच वाटते. समोरच्याच्या बोलण्यावरून कळते. ‘नाही, तसं नाही, म्हणजे…’ अशी दुरुस्ती लोक तुम्हाला अधिक वेळा करू लागले, तर ते चांगले लक्षण आहे. दुरुस्ती करण्याइतका तुम्ही त्यांना वेळ देता आहात. पहिल्या वाक्यानंतर दुसरे येऊ लागते. कधी कधी फर्मानही येते. माझी मुलगी आता मोठी झाली आहे. परवा ती म्हणाली, ‘बाबा, तू काही सुचवू नकोस, नुसतं ऐक.’ मी मान हलवली आणि तिचे अर्धे झाले असताना एक उपाय सुचवलाच. तिने नुसता हात वर करून मला गप्प केले आणि पुढे सांगत राहिली.